मेलेल्यांना भूक नसते, असं म्हणणाऱ्याचं चरित्र कसं लिहावं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट समजला आहे की नाही हे तुम्हालाही कळेल.

तुम्ही रचलेल्या जगात नदीच्या मुखावर आंदवेर नावाचं प्राचीन नगर आहे. सुगी झाली की प्रत्येक घराने धान्याचा ठरलेला वाटा पितरांच्या नावाने देवळात द्यायचा. तो चुकला तर पितर उपाशी राहतात आणि घराला पिडतात. मेहुर नावाचा प्रवचनकार उभा राहतो आणि सांगतो, मेलेल्यांना भूक नसते. त्याला देहदंड होतो. तीनशे वर्षांनी मात्र त्याच्याच नावाचा पंथ आंदवेरवर राज्य करत असतो. मसुदा वाचणाऱ्यांना मेहुर आजचा समाजसुधारक वाटला आणि तीनशे वर्षांनंतरचा भाग शाळेतल्या इतिहासाच्या धड्यासारखा वाटला. म्हणून तुम्ही विचारलंत, आधी चरित्र पक्कं करू की वारसा?

माझं उत्तर: वारसा आधी. आणि त्याच्याही आधी मेहुरचे विरोधक.

मी फोंडा तालुक्यात राहते. काल्पनिक प्राचीन काळावर कादंबऱ्या लिहिते, जत्रेच्या रंगमंचासाठी नाटकंही लिहिली आहेत. धर्म मोडू पाहणारा माणूस आमच्या लिखाणात वारंवार येतो आणि जवळजवळ प्रत्येक नव्या लेखकाची गाडी तुमच्यासारखीच एका जागी अडते. मेहुर म्हणतो ते लेखकाला पटलेलं असतं, वाचकाला तर पहिल्याच पानावर पटतं. मग कादंबरीभर त्याच्या विरोधात उभे असतात ते फक्त लोभी पुजारी आणि भित्रा राजा. अशा जगात मेहुर पाखंडी ठरतच नाही. तो एकटाच शहाणा असतो, बाकी सगळे एक तर मूर्ख किंवा लबाड. म्हणून तो आजचा वाटतो. दोष मेहुरच्या स्वभावचित्रणात शोधू नका, आंदवेरच्या रचनेत शोधा. त्या नगरातल्या चांगल्या, समंजस, प्रेमळ माणसांना मेहुरचं बोलणं ऐकून धडकी भरली पाहिजे, आणि तिला सबळ कारण असलं पाहिजे.

पुढचं सगळं सांगण्याआधी एक गोष्ट तुमच्यावर सोडते, कारण बाकीचं बरंचसं तिच्यावर अवलंबून आहे. तुमच्या जगात पितर खरोखर आहेत का? ते येतात, बोलतात, कोणाच्या अंगात येतात आणि ते खरं असतं, अशी तुमच्या जगाची घडण असेल तर मेहुरचं वाक्य पडताळून पाहता येण्यासारखं विधान होतं आणि कादंबरी वेगळ्या वाटेने जाते. तिथे मेहुर चूक असण्याची शक्यता खरी ठेवावी लागते. पितर आहेत की नाहीत हे कोणालाच कधी कळत नसेल, आपल्या जगासारखं, तर पुढे सांगते ते जवळपास जसंच्या तसं लागू पडेल. तुमच्या प्रश्नावरून मी दुसरा पर्याय धरून चालते. कादंबरीत मेहुर स्वतः समोर येतो की फक्त इतरांच्या तोंडून कळतो, हेही तुम्ही सांगितलेलं नाही. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो, पण पहिला अशक्य नाही.

आता त्या वाक्याकडे येऊ. मेलेल्यांना भूक नसते. वाक्य उत्तम आहे, बदलू नका. फक्त त्या वाक्यावर आंदवेरचं काय काय टेकलेलं आहे ते तुम्ही अजून पाहिलेलं नाही. माझी पद्धत अशी: पाखंडी माणूस जी एक गोष्ट नाकारतो ती वहीच्या मधोमध लिहायची आणि ती उद्या सकाळपासून सगळ्यांनी मानणं सोडलं तर कोणाचं काय थांबेल, याचा माग घ्यायचा. तत्त्वज्ञानाचा माग घ्यायचा नाही. धान्याचा, जमिनीचा, लग्नाचा, शपथेचा घ्यायचा.

देवळात जमा होणारं धान्य जातं कुठे? सगळं पुजाऱ्यांच्या पोटात गेलं तर आंदवेर तीन पिढ्याही टिकलं नसतं. आपल्याकडची गावकरी, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था, आठवा. गावच्या सामाईक उत्पन्नातून देवळाचा खर्च चाले आणि त्याच उत्पन्नातून बांधांची डागडुजी होई. खाजन शेती, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती, ज्याने पाहिली आहे त्याला हे सांगायला नको. बांध फुटला, मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, वेळेवर पडली नाही, भरतीचं खारं पाणी आत शिरलं की शेत काही वर्षं हातचं जातं. आंदवेर नदीच्या मुखावर आहे, म्हणजे तिथेही खारं पाणी आणि गोडं पाणी यांचं भांडण असणारच. पितरांच्या वाट्यातूनच बांधावर राबणाऱ्यांना धान्य मिळत असेल तर? मेहुरचं ऐकून अर्ध्या नगराने वाटा देणं बंद केलं. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या पावसाळ्यात बांध फुटला. पुजारी म्हणाले, पितर कोपले. मेहुरच्या शिष्यांजवळ याला उत्तर नाही. बांध का फुटला हे त्यांना माहीत आहे, पण वाटा न देताही बांध कोण सांभाळणार याची तजवीज त्यांच्या गुरूने सांगितलेली नाही. हा प्रसंग लिहिलात तर मेहुर आजचा वाटणं तिथेच थांबेल.

दुसरा धागा जमिनीचा. पितरांना जेवू घालतो तो वारस, हा नियम आंदवेरमध्ये असायलाच हवा. असे नियम जगात खरोखर होते आणि आपल्या धर्मशास्त्रातही पिंडदानाचा अधिकार आणि वारसाहक्क यांची गाठ होती. मग मेलेल्यांना भूकच नसेल तर शेत कोणाचं? दत्तक पुत्राचा हक्क कशावर उभा राहतो? ज्यांना शेत मिळालं नाही ते सगळे धाकटे भाऊ मेहुरच्या प्रवचनाला पुढच्या रांगेत बसतील. त्यातले निम्मे भक्तीने आले असतील आणि निम्मे जमिनीसाठी. पुढे पंथ वाढतो तो दुसऱ्या निम्म्यांमुळे.

तिसरा धागा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. पितरांचा स्वयंपाक कोण करतं? समजा तो मान घरातल्या विधवेचा आहे. एरवी जिला कोणी विचारत नाही तिच्या हातचं अन्न त्या एका दिवशी पितरांना चालतं, आणि तेवढ्यामुळे तिला त्या घरातून कोणी हाकलू शकत नाही. मेहुरचं वाक्य तिचा तो एकमेव आधार काढून घेतं. अशी एखादी बाई मेहुरच्या विरुद्ध साक्ष द्यायला उभी राहिली तर ती लोभी नाही, भित्री नाही, मूर्ख तर मुळीच नाही. तिचं म्हणणं खरं आहे आणि मेहुरचंही खरं आहे. मला विचाराल तर तुमच्या कादंबरीचा कणा इथे आहे.

यानंतर विरोधकांचा कागद लिहायला घ्या. मेहुरचं एकही प्रवचन लिहिण्याआधी त्याच्यावरची फिर्याद पूर्ण लिहायची, उत्तम लिहायची, आपल्याला स्वतःला क्षणभर पटेल इतकी चांगली. मी हे दरवेळी करते. याचं कारण इतिहासातच आहे: पराभूत विचार पुष्कळदा शत्रूच्या वहीतच टिकतात.

परलोक न मानणाऱ्या चार्वाकांचं बघा. श्राद्धाने मेलेल्याची तृप्ती होत असेल तर प्रवासाला निघालेल्याने शिदोरी कशाला बांधावी, घरी कोणाला तरी जेवू घातलं की त्याचं पोट भरेल, अशा अर्थाचा त्यांचा प्रसिद्ध श्लोक आहे. तुमच्या मेहुरचा हा सख्खा पूर्वज. तो श्लोक आपल्यापर्यंत पोचला त्यात मोठा वाटा चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहाचा आहे, आणि तिथे चार्वाकमत सुरुवातीला मांडलंय ते पुढे खोडण्यासाठी. आजीविक नावाच्या प्राचीन संन्यासी पंथाचा मक्खली गोसाल असाच. त्याचं मत आपल्याला कळतं ते बौद्ध आणि जैन ग्रंथांतून, म्हणजे दोन प्रतिस्पर्ध्यांकडून. जैनांचं भगवतीसूत्र सांगतं की तो आधी महावीरांबरोबर हिंडत होता, मग फुटला आणि श्रावस्तीत हालाहला नावाच्या कुंभारणीच्या घरी भ्रमिष्ट अवस्थेत मेला. त्याच्या अनुयायांनी हा शेवट कसा सांगितला असेल? त्यांचे ग्रंथच उरले नाहीत.

आपल्या गोव्यातलं उदाहरण तर अंगावर काटा आणणारं आहे. सोळाव्या शतकात इथली देवळं पाडली गेली, इथल्या भाषांतले ग्रंथ नष्ट केले गेले, १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधणारं चर्चचं न्यायालय, आलं. त्याच शतकात जेझुइट पाद्र्यांनी इथल्या लोकांच्या रामायण-महाभारताच्या कथा रोमन लिपीत उतरवून घेतल्या. कोंकणी गद्य, मराठी काव्य, दोन्ही. ती हस्तलिखितं पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या ग्रंथालयात राहिली. ज्यांना त्या कथा लोकांच्या मनातून काढायच्या होत्या त्यांच्याच कागदांत त्या टिकल्या. आंदवेरच्या देवळातही मेहुरची वाक्यं उतरवून घेणारा एक लेखनिक हवा. तो खंडनासाठी लिहितो, पण खंडन करायचं तर आधी नीट ऐकावं लागतं. तीनशे वर्षांनी मेहुरपंथीयांना आपल्या गुरूचे मूळ शब्द हवे असतील तर ते याच दप्तरात सापडणार. तेही फिर्यादीच्या भाषेत.

विरोधकांत एक तरी माजी शिष्य असू द्या. ख्रिस्ती संत ऑगस्टीन तरुणपणी सुमारे नऊ वर्षं मानीच्या, म्हणजे तिसऱ्या शतकातल्या इराणी धर्मसंस्थापकाच्या, पंथात होता आणि पुढे त्याच पंथाविरुद्ध त्याने ग्रंथ लिहिले. बाहेरच्या शत्रूला पंथाची कवाडंच दिसतात, याला आतले कोनाडे ठाऊक असतात. आणि त्याच्या रागात दुखावलेलं प्रेम असतं, ते इतर कोणाच्या रागात नसतं.

आता चरित्र. इथे मी थोडक्यात आटोपते, कारण इथे तुम्ही गरजेपेक्षा जास्त लिहिलं आहे. मेहुरचा जन्म, बालपण, साक्षात्कार, यात्रा, अटक हे सगळं तुम्ही क्रमवार आणि शंकेला जागा न ठेवता सांगितलंय. प्राचीन माणसाचं चरित्र असं हाती येत नाही. तीन गोष्टी पक्क्या ठेवा आणि बाकी भोकं राहू द्या.

पहिली गोष्ट, तो आतला हवा. बाहेरून आलेला परका उपदेशक म्हणजे फार तर उपद्रव. पाखंडी निघतो तो घरातूनच. मानी बाप्तिस्मा पाळणाऱ्या एका पंथात वाढला आणि त्याचं पहिलं भांडण त्याच मंडळींशी झालं. मेहुरला पितरांच्या कोठारात मापाडी करा, म्हणजे धान्य आत येताना आणि बाहेर जाताना त्याने स्वतः मोजलेलं असेल. त्याच्या वाक्याला मग अनुभवाचं वजन येईल.

दुसरी गोष्ट, आपण काही नवं सांगतो आहोत असं त्याने एकदाही म्हणता कामा नये. आजचा सुधारक नव्याचा अभिमान बाळगतो. प्राचीन जगात नवं म्हणजे संशयास्पद. खुद्द बुद्धानेही आपल्या धम्माची तुलना अरण्यात सापडलेल्या जुन्या वाटेशी केली आहे, ती वाट एका प्राचीन नगराकडे जाते आणि पूर्वीचे बुद्ध तिच्यावरून चालून गेलेले आहेत. मेहुर असंच म्हणेल: आपले पितर स्वतः असं वागत नव्हते, वाटा घ्यायची रीत नंतरची आहे, मी त्यांचा खरा वंशज आहे. त्याच्या तोंडी समता, हक्क, शोषण असे शब्द आहेत ते काढून टाका. भूक, वाटा, ऋण, माप हे शब्द त्याला पुरतील.

तिसरी गोष्ट, त्याचा शेवट दोन प्रकारे सांगितला जायला हवा. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेकडे निघून, गेले अशी महानुभावांची श्रद्धा आहे. यादवांच्या राजवटीत त्यांना देहदंड झाला असं काही अभ्यासक मानतात. मानी इराणचा राजा बहराम पहिला याच्या काळात तुरुंगात बेड्यांत मेला, पण त्याच्या अनुयायांच्या ग्रंथांत त्या मृत्यूला क्रूसावर चढणं म्हटलं आहे. मृत्यूविषयी दोन कथा निर्माण झाल्या की समजा वारसा सुरू झाला. तुमच्या मसुद्यात मेहुरचा वध भर चौकात, हजारोंच्या समोर होतो. तो रात्री, चार साक्षीदारांसमोर होऊ द्या आणि चौघांपैकी दोघांनी पुढे वेगवेगळं सांगू द्या.

शिष्यांच्या आठवणी कशा जमतात हे शिकायचं तर लीळाचरित्राची जन्मकथा वाचा. म्हाइंभटांनी चक्रधरांना पाहिलेल्या माणसांकडे जाऊन एकेक लीळा गोळा केली. नंतर परचक्राच्या धामधुमीत ते लेखन गेलं, मागाहून आलेल्यांनी आठवणीतून पुन्हा उभं केलं, आणि म्हणून एकाच लीळेचे निरनिराळे पाठ आहेत. कादंबरीकाराला याहून मोठी देणगी कोणती? मेहुरचा एकच प्रसंग तीन पाठांत द्या. एका पाठात तो विधवेची क्षमा मागतो, दुसऱ्यात ती त्याची शिष्या होते, तिसऱ्यात ती आलेलीच नाही. हे पाठ कोणत्या शाखेला सोयीचे आहेत ते वाचकाला स्वतःला ओळखू द्या.

पसरण्याबद्दल तुमच्या मसुद्यात काहीच नाही, आणि हा भाग सोडून चालणार नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या जगात शिकवण गात गात जाते. पाखंडी ठरवलेला ख्रिस्ती धर्मगुरू एरियस याने खलाशांसाठी, जात्यावर दळणाऱ्यांसाठी आणि वाटसरूंसाठी गाणी रचली असं एका प्राचीन इतिहासकाराने नोंदवलंय. ३२५ मध्ये निकेआला भरलेल्या ख्रिस्ती धर्मपरिषदेत त्याचा पराभव झाला, त्याचं लिखाण जाळायचा हुकूम निघाला, तरी त्याचं मत मिटायला शतकं लागली. दुसऱ्या बाजूने पाहा: फादर थॉमस स्टीफन्सना ख्रिस्ताची कथा इथल्या माणसाच्या गळी उतरवायची होती, तेव्हा त्यांनी मराठी ओवी घेतली. १६१६ मध्ये रायतूरला छापलेल्या ख्रिस्तपुराणात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. जी पुराणं बंद करायची होती त्यांचाच छंद हाती धरावा लागला. तुमच्या जगातही दोन्ही बाजू एकाच चालीवर गातील. मेहुरच्या बाजूच्या दळणाऱ्या बायका काय म्हणतील ते मी सुचवून पाहते:

गेल्याची भूक सरली, गेला तो गं पैलतीरी
पेज वाढ त्या पोराला, उभा जो गं तुझ्या दारी

शेवटचे दोन शब्द बदलून विरोधक याच ओवीतून उलटा अर्थ काढतील. ती ओवी तुम्ही रचा.

आता वारसा, म्हणजे तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा. तीनशे वर्षांची उडी तुम्ही एका प्रकरणात मारली आहे आणि मेहुरपंथी राजा एकदम सिंहासनावर दिसतो. मधल्या पिढ्या वेगळाल्या लिहायची गरज नाही, पण त्या तुम्हाला माहीत असायला हव्यात. मी साधारण असा विचार करीन. पहिली पिढी आठवणींवर जगते, तिला ग्रंथ नको असतो. दुसऱ्या पिढीत प्रत्यक्ष पाहिलेली माणसं संपत येतात आणि कोणाची आठवण खरी यावरून भांडणं होतात. तिसऱ्या-चौथ्या पिढीत दुष्काळ येतो. मेहुरपंथीयांकडे कोठार नाही, कारण कोठाराला त्यांचा विरोध. मग ते स्वतःचं कोठार काढतात. पितरांसाठी नव्हे, भुकेल्यांसाठी, असं म्हणून. त्या कोठाराला मापाडी लागतो, मापाड्याला वाटा लागतो. पुढे एका राजाला जुन्या देवळाच्या धान्यावर हात टाकायचा असतो आणि त्याला आयता धर्म सापडतो. त्या राजाला ढोंगी दाखवू नका. त्याची श्रद्धाही खरी असू शकते. मध्य आशियातल्या उइगुरांच्या खानाने ७६३ च्या सुमारास मानीचा धर्म राज्यधर्म केला. इराणमध्ये मानी मेला त्याला तोवर जवळजवळ पाचशे वर्षं होत आली होती. दूरच्या मुलखात, वेगळ्या गरजेतून, वेगळ्या भाषेत त्या धर्माला सिंहासन मिळालं.

आणि मग सगळ्यांत महत्त्वाचा बदल, जो तुमच्या मसुद्यात नाही आणि माझ्या मते तोच या कादंबरीचा गाभा आहे. मेहुरच्या पुण्यतिथीला लोक त्याच्यासाठी ताट वाढू लागतात.

याला दांभिकपणा म्हणून रंगवू नका. माणूस गेला की त्याचं ताट वाढावंसं वाटणं हे प्रेम आहे, आणि मेहुरच्या वाक्याने त्या प्रेमाला जागाच ठेवली नव्हती. मानीच्या अनुयायांनी त्याच्या मृत्यूच्या स्मरणार्थ दरवर्षी उत्सव केला, त्यात गुरूचं आसन मांडून रिकामं ठेवलेलं असे. आपल्याकडे नाथांची कथा सांगतात: श्राद्धाचं अन्न एकनाथांनी भुकेल्या अंत्यजांना वाढलं, ब्राह्मण रुसले, आणि मग प्रत्यक्ष पितरच पानावर येऊन जेवले. कथेने किती प्रेमाने दोन्ही बाजू सांभाळल्या पाहा. भुकेल्याला आधी वाढावं हेही राहिलं आणि पितर जेवतात हेही राहिलं. तीनशे वर्षांत लोक मेहुरच्या वाक्याचं असंच काहीतरी करतील. ते वाक्य देवळाच्या दारावर कोरलेलं असेल आणि आत ताट वाढलेलं असेल, आणि रोज तिथून ये-जा करणाऱ्या माणसाला त्यात काही खटकणार नाही. खटकेल ते एका तरुण मापाड्याला. तुमच्या शेवटच्या भागाचा नायक तोच.

हरलेल्यांचाही वारसा असतो. मेहुरपंथीयांचं राज्य आल्यावर जुने पितर गेले कुठे? सोळाव्या शतकात आपले देव नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे आमच्या फोंड्याकडे, आले: कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. मूळ गाव एका तीरावर आणि देव दुसऱ्या तीरावर, आणि शतकं लोटली तरी कुळांना ते मूळ गाव ठाऊक आहे. आंदवेरची नदी तुम्ही नुसती देखाव्यासाठी ठेवली आहे. तिला हे काम द्या. पलीकडच्या तीरावर जुन्या पितरांची झोपडीएवढी देवळं आणि वर्षातून एका रात्री होड्यांतून चोरून जाणारं धान्य, हे लिहिताना तुमची लेखणी आपोआप चालेल.

काही खुणा अशा ठेवा की ज्यांचा अर्थ तिथल्या लोकांना उरलेला नाही. गयेजवळच्या बराबर डोंगरात अशोकाने आजीविकांना दान दिलेल्या गुहा आहेत. तिथल्या काही लेखांतून आजीविक हे नाव तेवढं छिन्नीने घालवायचा प्रयत्न झालेला दिसतो. बाकी लेख शाबूत. चीनच्या फूच्येन प्रांतातल्या एका लहानशा देवळात मानीची मूर्ती आहे, १३३९ मधली, आणि गावचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिला बुद्ध म्हणून पूजत आले. आमच्या हरवळ्याच्या गुहांना लोक पांडवांच्या गुहा म्हणतात. शिरगावची लईराई देवी आणि तिच्या बहिणी यांची गोष्ट तर तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल, त्यातली एक बहीण मिराबाय आणि तीच म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण. धर्म बदलला तरी नातं तुटू द्यायचं नाही, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. तुमच्या कादंबरीत पुजारी आणि पंथप्रमुख तात्त्विक वाद घालत असतात तेव्हा बाजारातल्या बायका मेहुरला पितरांचाच धाकटा भाऊ ठरवून मोकळ्या झालेल्या असतील. त्या बायकांना निदान एक प्रकरण द्या.

कामाचा क्रम विचारलात म्हणून पुन्हा एकदा सांगते. आधी पितर खरे की नाहीत ते ठरवा. मग त्या एका वाक्यावर काय काय टेकलंय त्याचा माग काढा, विशेषतः बांध, शेत आणि विधवा. मग फिर्याद लिहा. फिर्यादीनंतर पुण्यतिथीच्या ताटाचा प्रसंग लिहा, म्हणजे सुरुवात आणि शेवट दोन्ही टोकं हाती येतील. मेहुरचं चरित्र सर्वांत शेवटी, आणि जेवढं या सगळ्यांच्या तोंडून कळतं तेवढंच. तुमच्या हाती असलेल्या मसुद्यातला बालपणाचा भाग कदाचित सगळाच जाईल, पण कोठारात तो पहिल्यांदा माप हातात घेतो ते पान मात्र ठेवा, ते चांगलं उतरलं आहे.

मेहुर बरोबर होता की चूक हे शेवटी सांगावं का, असंही तुम्ही जाता जाता विचारलंय. पितर खरे आहेत की नाहीत हे तुमच्या जगात कोणालाच कळत नसेल तर सांगू नका, सांगणारा कोण हाच प्रश्न उरतो. पण बांध फुटल्यावर मेहुर तिथे गेला का, चिखलात उतरला का, हे मात्र सांगा. लोक त्याच्याबद्दल जे मत करतील ते त्यावरून करतील. फिर्यादीचा पहिला मसुदा झाला की पाठवा. विधवेची साक्ष त्यात सबंध असू द्या, मधेच कोणी तिला अडवू नये.